क्लिअरन्स सेलमध्ये खरी स्वस्ताई कधी मिळते? खान्देशचे कॅलेंडर काय सांगते?

जळगावच्या फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर ‘५० टक्के सूट’चा फलक वर्षभर कुठे ना कुठे दिसतोच. पण दुकानदाराला माल खरोखर संपवायचा असतो, असे दिवस मोजकेच. ते कसे ओळखायचे?

दुकानदार भाव का पाडतो?

शिल्लक माल म्हणजे अडकलेला पैसा. कपडा अनेकदा उधारीवर आणलेला असतो, त्याचे पैसे चुकते करायचे असतात आणि पुढच्या हंगामाच्या मालाला जागाही लागते.

समजा, शर्टची एमआरपी १,५०० रुपये आणि दुकानदाराची खरेदी ६०० रुपयांची आहे. ५० टक्के सूट देऊनही त्याला ७५० रुपये मिळतात, म्हणजे खरेदीवर १५० रुपये सुटतात. ६० टक्क्यांवर तो खरेदी भावाला येतो. खरा क्लिअरन्स तिथून पुढे सुरू होतो.

कधी काय घ्यावे?

- आषाढ: आखाजी आणि लग्नसराईची खरेदी आटोपलेली असते. देवशयनी एकादशीनंतर लग्नाचे मुहूर्त थांबतात. शेतकऱ्याचा पैसा कपाशीच्या बियाण्यात आणि खतात गेलेला असतो. मोठ्या साखळी दुकानांचे हंगामअखेरचे सेलही साधारण याच सुमारास लागतात. साड्या आणि उन्हाळी कपड्यांसाठी हा सर्वात चांगला काळ.
- पावसाची सुरुवात: उन्हाळ्यात ४५ अंशांच्या आसपास तापणाऱ्या जळगाव-भुसावळात तेव्हा कूलरला भाव असतो. पाऊस पडला की उरलेले कूलर गोदामात जागा अडवतात.
- पितृपक्ष: अनेक घरांत नवी खरेदी टाळतात. तरी कपड्यांवर फार आशा ठेवू नका, कारण पुढे नवरात्र-दिवाळी आहे हे दुकानदारालाही ठाऊक असते. छत्री-रेनकोट मात्र घासाघीस करून घ्या.
- जानेवारीअखेर ते फेब्रुवारी: स्वेटर, जॅकेट, ब्लँकेट. २६ जानेवारीच्या सेलची सवय आपल्याला मुख्यत्वे बिग बझारने लावली. त्यांचा ‘सबसे सस्ता दिन’ २००६ साली सुरू झाला.

सर्वात महाग काळ म्हणजे आखाजीचा आठवडा आणि दिवाळीआधीचे पंधरा दिवस. गिऱ्हाईक येणारच असते, मग भाव कोण पाडेल?

पहिल्या दिवशी जावे की शेवटी?

सुरुवातीला सूट कमी, पण सगळे साइज मिळतात. शेवटच्या आठवड्यात सूट मोठी, पण उरतात ते एक्सएस किंवा थ्रीएक्सएल. म्हणून शर्ट-पँट, बूट लवकर घ्या. साडी, चादर, टॉवेल यांना साइजची अडचण नाही, त्यासाठी थांबा. शक्यतो सोमवार ते गुरुवार दुपारी जा. गर्दी नसली की दुकानातला माणूसही गठ्ठे उलगडून दाखवतो.

फसगत कशी टाळायची?

- ‘५० + २० टक्के’ म्हणजे ७० नव्हे, ६० टक्के. दुसरी सूट उरलेल्या रकमेवर मिळते.
- ‘दोनवर एक मोफत’ म्हणजे जेमतेम ३३ टक्के.
- सेलच्या आधी किमतीच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. मूळ किंमत वाढवून सूट दाखवली, तर लगेच कळेल.
- एमआरपीत सर्व कर धरलेले असतात. सवलतीच्या भावावर वेगळा जीएसटी लावणार का, हे आधीच विचारा.
- बिल घ्याच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष वस्तू परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर ३० दिवस धरले जातात. साइज बसला नाही किंवा रंग आवडला नाही, तर मात्र हा नियम लागू होत नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

हिशेब किती रुपयांचा?

घरात डिसेंबरमध्ये लग्न असेल आणि आहेराच्या ३० साड्या लागणार असतील, तर आषाढातच घ्या. एका साडीमागे ३०० रुपये वाचले, तरी ९,००० रुपये हातात राहतात. पण गरज नसलेली साडी ७० टक्के सुटीत घेतली, तर उरलेले ३० टक्के वायाच गेले. यादी घरी करा, मगच बाजारात जा.