खुडूक कोंबडी आणि एलएम-३५

पुढे लिहिलेल्या प्रोजेक्टला गाइड नव्हता, जर्नल नव्हतं, मार्कही नव्हते. तरीही त्यात मी नापास झालो, आणि तेही एका रात्रीत. दुसऱ्या प्रयत्नात पास झालो म्हणूनच हा लेख लिहिण्याचं धाडस करतोय.

पाचव्या सेमिस्टरच्या ओरल संपवून मी गावी गेलो. जुन्नर तालुक्यात आमचं घर. आईने बचत गटातून पैसे उचलून गिरिराज जातीची ३० पिल्लं सांगून ठेवली होती. रंगीत पिसांची, परसात मोकळी फिरणारी ही बंगळूरला विकसित झालेली जात. पिल्लं एक दिवसाची मिळतात. प्रत्येकी जेमतेम ३५ ते ४० ग्रॅम, आणि सोबत आई नाही. घरच्या कोंबड्यांपैकी तेव्हा एकही खुडूक नव्हती. डिसेंबरात आमच्याकडे रात्री पारा १०-१२ अंशांवर उतरतो. आई म्हणाली, "तू एवढा इंजिनिअर होतोयस, यांना ऊब द्यायचं काहीतरी कर."

एवढं ऐकल्यावर मी कसला थांबतोय!

पिलांना ऊब का लागते ते आधी सांगतो. अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू कोरडं झालं की लोकरीचा गोळा दिसतं, पण ती लव असते, पिसं नव्हेत. लव फारशी उष्णता अडवत नाही. शिवाय स्वतःचं तापमान राखण्याची यंत्रणा त्याच्या अंगात अजून नीट चालू झालेली नसते. मोठ्या कोंबडीचं अंग सुमारे ४१ अंश सेल्सियस असतं. पिल्लाचं जन्मतः त्याहून एक-दोन अंश कमी असतं आणि साधारण दहा दिवसांत वर येतं. तोपर्यंत बाहेरून ऊब हवीच. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश, म्हणजे पोल्ट्रीवाल्यांच्या भाषेत ९५ फॅरनहाइट, आणि पुढे दर आठवड्याला ३ अंश कमी. ब्रूडर म्हणजे ही ऊब देणारी पेटी. माहितीपत्रकात एवढंच असतं, आणि मीही तेवढंच वाचून कामाला लागलो.

जुन्या कपाटाच्या प्लायची पेटी केली. ४ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच, वर जाळीचं झाकण. पहिले दोन आठवडे पिल्लामागे पाव चौरस फूट जागा पुरते, त्या हिशेबाने ८ चौरस फूट ऐसपैस. तळाला दोन इंच भाताचं तूस. मधोमध ६० वॅटचे दोन बल्ब.

हे बल्ब शोधताना मात्र दमछाक झाली. आता दुकानात सगळीकडे एलईडी. ९ वॅटचा एलईडी जुन्या ६० च्या बल्बाइतका उजेड देतो हे खरं, पण पिल्लांना वाचन करायचं नसतं! पेटीत ९ वॅट गेले तर ऊबही ९ वॅटचीच. ज्या पिवळ्या बल्बला आपण उधळ्या म्हणून घराबाहेर काढला, तो ब्रूडरमध्ये शंभर टक्के कार्यक्षम असतो. त्याचा उजेडसुद्धा शेवटी उष्णताच होतो. अखेर बाजारपेठेतल्या एका जुन्या दुकानाच्या माळ्यावर धूळ खात पडलेले चार मिळाले.

मग माझी कलाकुसर. एलएम-३५ हा सेन्सर एका अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे ३५ अंशाला ३५० मिलिव्होल्ट. तो कंपॅरेटरला दिला, पुढे ट्रान्झिस्टर, पुढे रिले. रिले सारखा कडकड करू नये म्हणून हिस्टेरेसिसही दिला. थोडक्यात, पेटी ३५ च्या वर गेली की बल्ब बंद, खाली आली की चालू. सेन्सर पेटीच्या मधोमध, वायरने लोंबता ठेवला. डिस्प्लेवर ३५.२, ३४.८ असे आकडे नाचू लागले. मी त्याचा फोटोसुद्धा काढला.

पिल्लं आली. गुळाचं पाणी पाजलं, मक्याचा भरडा पसरला. रात्री दहाला डिस्प्लेवर ३५. झोपलो.

पहाटे आईने उठवलं. डिस्प्लेवर तेव्हाही ३५ होता. एका कोपऱ्यात पिल्लांचा ढीग. थंडी वाजली की ती एकमेकांच्या अंगाखाली शिरतात, आणि खालची गुदमरतात. वरची हलवली तर खाली नऊ मेलेली. आईने ती वर्तमानपत्रात गुंडाळली आणि बांधाकडे घेऊन गेली. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

साधा थर्मामीटर आणून तुसावर ठेवला. बल्बखाली २७ अंश, कोपऱ्यात २१! सेन्सर खोटं बोलत नव्हता. तो स्वतःचं तापमान सांगत होता. तो टांगला होता बल्बच्या शेजारी, थेट झळ बसेल असा. त्यातून गरम हवा वर चढणारी. त्याला ३५ लागले की तो बल्ब बंद करायचा आणि खाली पिल्लं गारठायची. मोजायचं कुठे हे न ठरवता मी किती मोजायचं यावर दोन दिवस घालवले होते.

यावर माझा पहिला उपाय म्हणजे सेन्सर खाली आणायचा आणि बल्ब वाढवायचे. कागदावर हिशेब मांडला. पेटीचं एकूण पृष्ठफळ ४० चौरस फूट, म्हणजे सुमारे ३.७ चौरस मीटर. पातळ प्लायमधून दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला साधारण ४ वॅट निसटतात असं धरलं, तर पेटी एका अंशामागे १५ वॅट गमावते. खोलीत १८ अंश असताना सगळी पेटी ३५ ला न्यायची तर २५५ वॅट लागतील, आणि जाळीतून जाणारी हवा यात धरलेलीच नाही. माझ्याकडच्या १२० वॅटमध्ये सरासरी ८ अंशच चढणार. पोल्ट्रीवाले पिल्लामागे १ ते २ वॅट धरतात, पण तो अंदाज शेकड्याने पिल्लं एका छत्रीखाली असतानाचा. लहान पेटीत पिल्लांच्या मानाने भिंतीच जास्त.

मी हे आकडे मोठ्याने पुटपुटत असताना आजी दारात तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "खुडूक कोंबडी काय सगळं अंगण तापवती का रं? पंखाखाली तेवढी ऊब. पिल्लू गारठलं की आत शिरतंय, उकडलं की भाईर येतंय."

चार वर्षांचा सिलॅबस एका वाक्यात! मी ओव्हन बनवत होतो. ओव्हनमध्ये सगळीकडे सारखं तापमान हवं, कारण आतल्या पावाला पाय नसतात. पिल्लाला पाय आहेत आणि अंगात आपल्या कुठल्याही सेन्सरपेक्षा बरा सेन्सर आहे. आपण फक्त एक टोक गरम, एक टोक गार ठेवायचं. नियंत्रणाचं काम पिल्लू करतं. कंट्रोल सिस्टिमच्या भाषेत, फीडबॅक लूप मी पिल्लाच्या बाहेर बांधला होता, तो त्याच्या पायांतून जायला हवा होता.

मग त्याच पेटीत फेरफार केले. दोन्ही बल्ब एका टोकाला नेले. पाणी आणि खाद्य मधल्या भागात, आणि लांबचं टोक मोकळं. झाकणावर गरम बाजूला अर्धं गोणपाट टाकलं, अर्धी जाळी उघडी. सगळी बंद करायचा मोह होतो, पण करू नये. ओलसर हवा कोंडते, तूस ओलं होतं आणि विष्ठेतल्या अमोनियाने पिल्लांचे डोळे चुरचुरतात. ओल्या तुसातच रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. पेटीत नाक घालून बघावं. आपल्याला वास झोंबला तर पिल्लांना केव्हाच झोंबलेला असतो. चारही कोपऱ्यांत पुठ्ठा वाकवून गोलाई दिली. कोपराच नसेल तर ढीग रचायला आडोसा मिळत नाही. ही एक गोष्ट पहिल्या रात्री केली असती तर नऊपैकी काही तरी वाचली असती.

ऊब कमी-जास्त करायची ती बल्बच्या उंचीने. पिल्लाच्या पाठीपासून १२ इंचांवरचा बल्ब १८ इंचांवर नेला की झळ जवळपास ४४ टक्क्यांवर येते (वर्गाच्या व्यस्त प्रमाणाचा नियम, बारावीत घोकलेला). म्हणून एकदम उचलायचा नाही, साखळीच्या एकेका कडीने. साखळी म्हणतोय ते मुद्दाम. बल्ब त्याच्याच वायरवर कधीही लोंबू देऊ नका. वायर तापून मऊ होते, होल्डर सुटतो, आणि खाली असतं कोरडं तूस. होल्डर चिनी मातीचा घ्या. बल्बला जाळीची टोपी घाला. आणि १२० वॅट हवेत म्हणून एकच मोठा बल्ब लावू नका. दोन समांतर जोडा. एक रात्री उडाला तरी दुसरा सकाळपर्यंत तग धरतो.

माझं सर्किट फेकलं नाही. सेन्सर तुसापासून दोन इंचांवर, बल्बची थेट झळ लागू नये म्हणून पत्र्याच्या तुकड्याआड बसवला, आणि ३८ च्या वर गेलं तरच बल्ब बंद करण्याचं काम त्याला दिलं. म्हणजे साहेबाची बदली वॉचमनच्या जागी!

आता तापमान बघायचं ते पिल्लांकडे. बल्बखाली दाटी करून कर्कश ओरडत असतील तर थंडी वाजतेय. बल्बपासून दूर, चोच उघडी, पंख ढिले, तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला सरकली असतील आणि ती बाजू बल्बची नसेल, तर फटीतून वारा येतोय, फट शोधा. सांडलेल्या धान्यासारखी पेटीभर विखुरलेली, काही खातायत, काही पाय ताणून आडवी, आणि हलका चिवचिवाट, म्हणजे सगळं ठीक. रात्री निजण्यापूर्वी एकदा आणि पहाटे एकदा, एवढं बघणं पुरतं. लसीकरण मात्र तालुक्याच्या पशुवैद्यकांना विचारूनच करा. पहिल्या आठवड्यातच मानमोडीची लस असते.

राहिला प्रश्न लाईट जाण्याचा. गावाकडे निखाऱ्यांचं मडकं ठेवतात, पण बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो, म्हणून मी ते टाळलं. दुधाची ५ लिटरची किटली ७० अंशांच्या पाण्याने भरली, झाकण घट्ट लावलं आणि गोणपाटात गुंडाळून पेटीत ठेवली. पाणी ४० पर्यंत निवेस्तोवर ६२८ किलोज्यूल, म्हणजे १७४ वॅट-तास बाहेर पडतात. एक ६० चा बल्ब जवळजवळ तीन तास चालल्यासारखं! त्या महिन्यात दोन रात्री लाईट गेली, दोन्ही वेळा पिल्लं किटलीला टेकून झोपली. उरलेल्या २१ पैकी २० जगली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच पेटीत २५ लाव्ह्यांची पिल्लं वाढवली. शिकारीचे रानटी लाव्हे नव्हेत, हे जपानी लाव्हे; १९७४ मध्ये आपल्या देशात संशोधनासाठी आणले गेले. बाजारात यांना बटेर म्हणतात. अंडं १७-१८ दिवसांत उबतं (कोंबडीचं २१) आणि सहा-सात आठवड्यांची मादी अंडी घालू लागते.

पण पिल्लू! ७-८ ग्रॅमचं, अंगठ्याएवढं. वस्तुमान पाचपट कमी झालं तर दर ग्रॅममागे पृष्ठफळ पाचाच्या घनमुळाइतकं, म्हणजे १.७ पट वाढतं. कोंबडीच्या पिल्लापेक्षा लाव्ह्याचं पिल्लू त्याच हिशेबाने लवकर निवतं. म्हणून पहिला आठवडा ३७ ते ३८ अंश, आणि वॉचमनसाहेबांची मर्यादा ४० वर नेली. उन्हाळ्यात दुपारी बल्बची गरजच पडली नाही, रात्री मात्र पडली.

दोन चुका इथेही झाल्याच. पाण्याची तीच जुनी ताटली ठेवली, त्यात एक पिल्लू पहिल्याच संध्याकाळी बुडालं. पाणी अर्धा इंचही खोल नव्हतं. नंतर ताटलीत खेळायच्या गोट्या भरल्या. चोच जाते, पिल्लू जात नाही. दुसरं, तुसावर गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरलं होतं. त्यावर पाय घसरून एकाचे पाय दोन्हीकडे फाकले ते फाकलेच. कागदाऐवजी गोणपाट अंथरलं, तेव्हा बाकीची धड चालू लागली. खाद्यही वेगळं लागतं. कोंबडीच्या चिक स्टार्टरमध्ये २० ते २२ टक्के प्रथिनं असतात, लाव्ह्यांना २४ च्या पुढे हवीत, आणि दाणा बारीक दळलेला. दोन्ही जातींची पिल्लं एकत्र ठेवू नयेत. मोठी लहानांना तुडवतात, आणि एकाचा रोग दुसऱ्याला बाधतो.

लाव्हे तिसऱ्या आठवड्यात पिसांनी भरले आणि बल्ब काढला. कोंबड्यांच्या वेळी डिसेंबरात हेच व्हायला पाच आठवडे लागले होते.

पेटी सध्या शेजारच्या काकूंकडे आहे. त्यांनी डिस्प्लेवर फडकं टाकलंय. म्हणतात, उगाच डोळ्यांपुढे लुकलुकतो. सर्किटचा आराखडा कुणाला हवा असेल, तर सबमिशन संपल्यावर भेटा.