सीरियल सर्व्हर

सीरियल पोर्ट असलेले उपकरण व संगणकांचे जाळे यांच्यामध्ये माहितीची दुतर्फा ने-आण करणारे साधन. आर्पानेट जाळ्यावर १९७१ मध्ये आलेला ‘टिप’ हा त्याचा पूर्वज म्हणता येईल. त्याला ६३ पर्यंत टर्मिनले जोडता येत.

सीरियल तारेवर एका अक्षरामागे सामान्यतः १० बिटे जातात. म्हणजे सेकंदाला ९,६०० बिटे या वेगाने ९६० अक्षरे. सर्व्हर ती गोळा करून टीसीपी पॅकेटांत भरतो आणि जाळ्यावरून आलेली अक्षरे तारेवर सोडतो. यात अक्षरांचा क्रम टिकतो, त्यांमधील कालांतर मात्र टिकत नाही. मॉडबस आरटीयू या औद्योगिक पद्धतीत संदेशाचा शेवट साडेतीन अक्षरांएवढ्या शांततेवरून ओळखतात. त्यामुळे एकच संदेश दोन पॅकेटांत विभागला गेला, तर मध्येच विराम पडून तो अपुरा ठरतो. याकरिता संदेश पुरा जमेपर्यंत सर्व्हरला थांबवावे लागते. वेग, पॅरिटी व नियंत्रण-तारांची स्थिती यांचाही अक्षरप्रवाहात समावेश नसतो. ती टेलनेटद्वारे कळविण्याची रीत आरएफसी २२१७ (१९९७) मध्ये दिलेली आहे.

साध्या टीसीपी जोडणीत गुप्तता वा ओळखीची पडताळणी नसते. पोर्टपर्यंत पोहोचणाऱ्यास उपकरणासमोर बसल्यासारखाच अधिकार मिळतो. म्हणून ही जोडणी एसएसएच किंवा टीएलएसमधून नेणे इष्ट. हे साधन सहसा दुर्लक्षितच राहते. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील वीजवितरणावर झालेल्या हल्ल्यात उपकेंद्रांतील अशा साधनांचे अंतर्गत प्रोग्रॅम बिघडविण्यात आले. तेथील सर्किट ब्रेकर दुरून चालविता येईनात आणि कर्मचाऱ्यांना उपकेंद्रांत जाऊन ते हाताने जोडावे लागले.