त्वचाप्रसाधनांचा वैयक्तिक संग्रह आणि अपव्यय : एक विवेचन

प्रस्तावना : उपभोगवादाची चर्चा करताना वाहने, वस्त्रे, भ्रमणध्वनी यांचा उल्लेख नेहमी होतो, आरशासमोरच्या फळीकडे सहसा लक्ष जात नाही. अधिकची वस्त्रे कपाटात वर्षानुवर्षे टिकतात. प्रसाधने टिकत नाहीत. या फरकातून निर्माण होणाऱ्या अपव्ययाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन : उत्पन्न वाढले तरी चेहऱ्याचे क्षेत्रफळ वाढत नाही. सीरमची बाटली बहुधा ३० मिलिलिटरची असते व दररोज अर्धा मिलिलिटर वापरल्यास ६० दिवस पुरते. अशा आठ बाटल्या एकाच वेळी उघडून आलटूनपालटून वापरल्यास त्या संपण्यास ४८० दिवस लागतील. युरोपीय संघात २००५ पासून दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रसाधनांवर उघड्या बरणीचे चिन्ह छापले जाते. भारतातील अनेक वेष्टनांवरही ते आढळते. त्यातील '६ एम' वा '१२ एम' हा आकडा उघडल्यानंतरचे महिने दर्शवितो. चिन्ह सहा महिन्यांचे असेल, तर तेवढ्या काळात तीनच बाटल्यांइतके सीरम वापरले जाते. उरलेल्या पाच बाटल्यांइतका द्रव वाया जाणार, हे त्या उघडल्या त्याच दिवशी ठरलेले असते.

ही मुदत म्हणजे केवळ विक्रेत्याची युक्ती नव्हे. क जीवनसत्त्वाच्या सीरमचे हवा व प्रकाश यांच्या संपर्काने ऑक्सिडीकरण होते. द्रव पिवळसर, पुढे तपकिरी होतो. क्रीममध्ये पाणी असते आणि प्रत्येक वेळी बोट बुडविताना त्यात जंतू शिरतात. परिरक्षक द्रव्य त्यांना काही काळच रोखू शकते. आपले उटणे कोरडे ठेवून ऐनवेळी दुधात वा पाण्यात कालविले जाते, त्यामुळे हा प्रश्न तेथे फारसा उद्भवत नाही.

मग इतकी खरेदी का होते? फ्रेंच विचारवंत दिदरो याने १७६९ मध्ये आपल्या नव्या झग्याविषयी एक निबंध लिहिला. झग्याला शोभेनासे वाटल्याने त्याने घरातील जुने सामान एकेक करून बदलले. ग्रँट मॅक्रॅकन या मानववंशशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये या प्रवृत्तीस 'दिदरो परिणाम' असे नाव दिले. क्लेन्झर, टोनर, सीरम, क्रीम ही शृंखला तिचेच उदाहरण होय : एक वस्तू घेतली की तिच्या आधीची व नंतरची पायरी रिकामी भासू लागते. (हा स्त्रियांच्याच उधळेपणाचा विषय मानणे अन्यायाचे ठरेल, दाढीच्या तेलाच्या अर्धवट बाटल्या अनेक घरांत सापडतील.)

टाकून देण्याची वेळ आली की अडचण अधिक स्पष्ट होते. पंपाच्या झाकणात प्लास्टिकसोबत पोलादी स्प्रिंग असते, त्यामुळे पुनर्चक्रीकरण कठीण जाते. अर्धी भरलेली बाटली ओल्या वा सुक्या कचऱ्यात नीट बसत नाही. बेसिनमध्ये ओतलेले क्रीम सांडपाण्यात जाते. २०२२ च्या विस्तारित उत्पादक उत्तरदायित्वाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी प्लास्टिक वेष्टनाचा भार उत्पादकावर टाकला. आत उरलेल्या द्रवाचा हिशेब त्यात नाही.