नेट सारखं तुटतंय? आधी केबल तपासा

नवा राउटर किंवा नवा कॉम्प्युटर घेण्याआधी अर्धा तास काढलात, तर पुष्कळदा मोठा खर्च वाचतो.

मुलीच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरून झाला, फी भरण्याचं बटण दाबलं आणि नेमकं त्याच क्षणी नेट गेलं. पैसे खात्यातून गेले की नाही, कळायला मार्ग नाही. दोन मिनिटांनी नेट आपोआप आलं, पण तोवर घरात वादाला तोंड फुटलेलं असतं. मुलगा म्हणतो, कॉम्प्युटर बदला. वडील म्हणतात, कंपनी बदला. शेवटी नवा राउटर येतो आणि आठवड्याभरात पुन्हा तीच रड!

टीव्हीमागे किंवा टेबलाच्या कोपऱ्यात मावणारे छोटे कॉम्प्युटर आता कित्येक घरांत आहेत. त्यांना केबलने जोडलेलं नेट एरवी वाय-फायपेक्षा भरवशाचं असतं. तेच अधूनमधून तुटू लागलं, तर बहुधा कुठेतरी ठोस दोष असतो आणि तो शोधता येतो. नियम एकच: एका वेळी एकच वस्तू बदला. केबल, राउटर, सेटिंग सगळं एकदम बदललं, तर नेट सुधारलं तरी दोष कशात होता ते कळत नाही.

दोष घरात की बाहेर?

नेट तुटताच त्याच राउटरच्या वाय-फायवर मोबाइल लावून पाहा. मोबाइलचा डेटा मात्र बंद ठेवा. मोबाइलवरही नेट नसेल, तर दोष राउटरमध्ये किंवा बाहेरून येणाऱ्या लाइनमध्ये आहे. कंपनीकडे तक्रार नोंदवा. मोबाइलवर नेट चालू असेल, तर कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही. दोष राउटर आणि कॉम्प्युटर यांच्यामध्येच कुठेतरी आहे.

आता केबल जिथे बसते, तिथला छोटा दिवा पाहा. नेट तुटताना तो विझत असेल, तर केबल, तिची टोकं, खाच किंवा वीजपुरवठा यांवर संशय घ्या. दिवा नीट चालू असून पानं उघडत नसतील, तर सेटिंगकडे वळा. एवढ्या एका निरीक्षणाने निम्मं काम होतं.

पहिला संशय केबलवर

केबलच्या टोकाला प्लॅस्टिकची छोटी जीभ असते. ती तुटली, की केबल खाचेत टक् करून बसत नाही आणि झाडू लागला तरी हलते. सोफ्याच्या पायाखाली दबलेली, दारात चेमटलेली किंवा उंदरांनी कुरतडलेली केबलही असाच त्रास देते. शेजाऱ्यांकडून चांगली तयार केबल तासभर मागून आणा आणि लावून पाहा. त्रास थांबला, तर चोर सापडला! तीच केबल राउटरच्या दुसऱ्या खाचेत लावून बघायलाही विसरू नका.

केबलमध्ये ८ तारा असतात, म्हणजे ४ जोड्या. प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली असते. हा पीळ शोभेचा नसतो. त्यामुळे बाहेरचा विद्युत गोंगाट कमी शिरतो. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये या युक्तीचं पेटंट घेतलं होतं. केबल विजेच्या वायरला चिकटवून लांबवर नेऊ नये, तेही याच कारणाने.

टोक बसवताना कारागिराने तारांचा क्रम चुकवला, तर जोड्या फुटतात. मग साध्या टेस्टरचे आठही दिवे लागतात, पण नेट अडखळतंच. प्रचलित क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम आहे ना, ते पाहा.

आणखी एक खूण आहे. १०० मेगाबिट वेगाला २ जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. दोन्ही बाजूंची यंत्रं १००० ची असूनही वेग १०० वर घसरत असेल, तर एखादी तार तुटली असण्याची दाट शक्यता आहे. केबल घेताना शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण लवकर तुटते.

वीज पुरते का?

छोट्या कॉम्प्युटरला मोबाइलचा जुना चार्जर लावण्याचा मोह आवरा. रास्पबेरी पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अ‍ॅम्पिअरचा अडॅप्टर लागतो, तर रास्पबेरी पाय ५ साठी ५ अ‍ॅम्पिअरची शिफारस आहे. वीज अपुरी पडली, की यंत्र अडखळतं. बाहेरची हार्डडिस्क जोडल्यावरच नेट तुटत असेल, तर अडॅप्टरवर संशय घ्या. राउटरचा अडॅप्टर फार तापतो का, तेही पाहा. अडॅप्टर स्वतः उघडू मात्र नका.

सेटिंगमधली काटकसर

केबल आणि वीज ठीक असतील, तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्ड शोधा. वीज वाचवण्यासाठी हे कार्ड बंद करण्याची परवानगी तिथे दिलेली असेल, तर ती काढा. ‘एनर्जी एफिशिएंट इथरनेट’ हा पर्यायही बंद करून पाहा. ही बचत काही यंत्रांच्या जोडीला मानवत नाही. दोन यंत्रांना एकच नेटवर्क पत्ता हाताने दिला असेल, तरीही नेट असंच येत-जात राहतं. पत्ता आपोआप मिळण्याची सोय चालू ठेवली, की हा घोळ सहसा टळतो.

प्रत्येक बदलानंतर एक दिवस थांबा आणि नेट कधी तुटलं ते वहीत लिहा. रोज पाण्याचा पंप सुरू झाल्यावरच तुटतं, की दुपारी यंत्र तापल्यावर, हे ती वही सांगेल. दुरुस्ती करणाऱ्याला बोलवावं लागलंच, तर तीच त्याच्यापुढे ठेवा. त्याचा वेळ वाचेल आणि तुमचे पैसेही.