आईच्या आईचं नाव काय?

आमच्या कड्यात कुणाचं रेशनकार्ड फाटलं, कुणाच्या आधारवर नाव चुकलं, की बायका माझ्या ओट्यावर येऊन बसतात. बचत गटाचं काम सुरू केलं तेव्हापासूनची ही रीत. बी.ए. झालेली आहे, इंग्रजी फॉर्म वाचता येतो आणि दुपारी घरी सापडते, एवढंच माझं भांडवल. गेल्या काही वर्षांत मात्र या ओट्यावर एक नवाच कागद यायला लागला. अमेरिकेच्या व्हिसाचा!

हसू नका. कांद्याच्या बाजाराचं आमचं गाव. पण इथल्या अमोलक जैन संस्थेत शिकलेली पोरं पुण्याला इंजिनिअर झाली, तिथून न्यू जर्सीला, टेक्सासला, कॅनडात गेली. पोरांमागे सुना गेल्या, लेकी गेल्या. आणि लेकीला दिवस राहिले की तिची आई माझ्याकडे येते. "वैनी, पोरीनं बोलवलंय. काय काय लागतं?"

गेल्या दोन-तीन वर्षांतली एक गोष्ट सांगते. आमच्या गटातलीच मैत्रीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. अडीच एकर रान, एक गाय, बारावीतला मुलगा. थोरली लेक अमेरिकेत, पहिलटकरीण. ही माझ्याकडे आली ती रडतच. आधी कुणाच्या तरी सांगण्यावरून शहरातल्या एका एजंटाकडे गेली होती. त्याने पंचवीस हजार घेतले, फॉर्म भरला, बँकेत चार दिवस कुणाचे तरी पैसे टाकून शिल्लक फुगवली आणि हिच्या नावापुढे लिहिलं 'व्यावसायिक'. मुंबईला मुलाखतीत साहेबाने विचारलं, "दुकान कशाचं आहे?" हिला दुकानाचा पत्ताच नाही! ती म्हणाली, "दुकान न्हाई, कांदा हाये." झालं. दोन मिनिटांत पासपोर्ट परत हातात आणि वर एक छापील कागद.

तो कागद मी वाचला. कलम २१४ (बी). मैत्रिणींनो, या कलमाचा अर्थ समजला की अर्धी भीती जाते. अमेरिकेचा कायदा असं धरूनच चालतो की पाहुणा म्हणून येणारा माणूस तिथेच राहायला येतोय. 'मी परत येणार आहे' हे आपणच पटवायचं असतं. पटलं नाही तर नकार. त्यावर अपील नाही, पण कायमची बंदीही नाही, पुन्हा नव्याने अर्ज करता येतो. फी मात्र पुन्हा भरायची. १८५ डॉलर, म्हणजे पंधरा-सोळा हजार रुपये, आणि नकार आला तरी ते परत मिळत नाहीत. कायमची बंदी येऊ शकते ती खोटेपणा पकडला गेला तर. एजंट पैसे घेऊन मोकळा होतो. सही आपली असते.

तिची लेक फोनवर मला म्हणाली, "मावशी, आधीचा नकार लिहूच नका. नव्यानेच भरल्यासारखं भरा." पोरगी घाबरली होती, तिचा राग नाही. पण फॉर्ममध्ये सरळ प्रश्न आहे, याआधी व्हिसा नाकारला होता का? आणि त्यांच्या संगणकात ते असतंच. मी म्हटलं, "बाई, खरं लिहायचं असेल तर मी बसते. नाहीतर तुझ्या आईला दुसरीकडे पाठव." थोडी खट्टू झाली. मग मानली.

फॉर्मचं नाव डीएस-१६०. इंग्रजीत, संगणकावर. वीस मिनिटं हात लावला नाही की आपोआप बंद पडतो. आमच्याकडची वीज आणि नेट तुम्हाला माहीतच आहे! म्हणून सुरुवातीला दिसणारा अर्जाचा नंबर आधी वहीत लिहून ठेवायचा. फॉर्म परत उघडताना ओळख पटावी म्हणून एक प्रश्न निवडावा लागतो. समोर आलेला पहिलाच प्रश्न होता, तुमच्या आईच्या आईचं नाव काय?

मैत्रीण गप्प. "आज्जी म्हणायचो की," ती म्हणाली. गावात तिला सगळे अमक्याची आई म्हणायचे, म्हातारपणी नुसतं म्हातारी. लेकीच्या लेकीला तिचं नावच माहीत नाही. धामणगावला तिचे एक म्हातारे मामा आहेत. त्यांना फोन लावला. तेही थोडा वेळ थांबले आणि मग म्हणाले, "सोनाबाई." आम्ही दोघी त्या चार अक्षरांकडे किती तरी वेळ बघत बसलो. दुसरा प्रश्न निवडता आला असता, हे मला नंतर सुचलं.

तसंच जन्मतारखेचं. हिची जन्मतारीख १ जून. तिच्या नवऱ्याची १ जून, माझ्या सासूबाईंचीही १ जून! शाळेत घालताना गुरुजींनी लिहिली तीच. ती चालते, फक्त सगळ्या कागदांवर एकच हवी. आई-वडिलांची जन्मतारीख माहीत नसेल तर 'माहीत नाही' असंही लिहिता येतं. उगाच अंदाजाने ठोकू नये. माहेरचं नाव लपवू नये, 'इतर नावे' या रकान्यात लिहावं. फोटो चष्म्याशिवाय लागतो, हा नियम २०१६ पासून आहे. डोक्यावरचा पदर मागे घ्यायला सांगितलं तर हिला एवढं अवघडल्यासारखं झालं की फोटोवाल्याला मी बाहेर उभं केलं आणि बटण मीच दाबलं.

पासपोर्ट तिच्याकडे होता. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी सांगते, आता ते पूर्वीइतकं अवघड राहिलं नाही. २०१७ पासून मोठ्या पोस्टांत पासपोर्ट केंद्रं उघडायला लागली. त्याच्या महिनाभर आधी, डिसेंबर २०१६ मध्ये, नियमही सैल झाले. जन्मदाखल्याऐवजी शाळा सोडल्याचा दाखला चालतो, लग्नाच्या दाखल्याचा आग्रह गेला. (१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बाळांना मात्र जन्मदाखलाच हवा, म्हणून नातवंडांचा दाखला वेळेवर काढून ठेवा.) आणि नाव दोन शब्दांत लिहा, नाव आणि आडनाव. कित्येक बायकांच्या पासपोर्टवर आडनावाची जागा कोरी असते. मग अमेरिकेच्या व्हिसावर नावाच्या जागी 'एफएनयू' असं काहीतरी छापून येतं. म्हणजे पहिलं नाव अज्ञात! दुबईकडे तर नोव्हेंबर २०२२ पासून एकाच शब्दाचं नाव असलेल्या पर्यटकांवर बंधनं आली.

तारखेचं दुखणं वेगळंच. २०२२ च्या शेवटी मुंबईची मुलाखतीची तारीख अडीच वर्षांपुढची दिसत होती. बाळंतपणाला नऊ महिने आणि आईच्या मुलाखतीला अडीच वर्षं! पुढे ते बरंच कमी झालं, तरी हिची दुसरी तारीख येईपर्यंत लेक बाळंत झाली. मुलगी झाली. इकडे ही फोनवर शेक-शेगडी सांगत होती आणि तिकडे जावई यूट्यूबवर बघून बाळाला अंघोळ घालत होता. घातली बिचाऱ्याने, छान घातली. पण हिचा जीव राहीना.

मुंबईला मी सोबत गेले. आता कड्याला रेल्वे आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये आष्टीहून नगरपर्यंत गाडी सुरू झाली, सप्टेंबर २०२५ मध्ये ती बीडपर्यंत पोचली. नगरहून पुढे मुंबई. एका दिवशी बोटांचे ठसे आणि फोटो, दुसऱ्या दिवशी मुलाखत, म्हणून कळव्याला भाचीकडे मुक्काम. ठशांच्या वेळी हिची बोटं उठेचनात. खुरपं धरून धरून रेषा झिजलेल्या. तिथल्या मुलीने ओल्या कागदाने पुसून चार-पाचदा घेतले तेव्हा कुठे जमलं. वांद्रे-कुर्ला संकुलात वकिलात आहे, २०११ पर्यंत ती ब्रीच कँडीला होती. आत मोबाइल नेता येत नाही. सोबतच्या माणसाने बाहेर थांबायचं. मुलाखत मराठीत देता येते, हे मात्र आधीच मागून घ्यावं.

मी तिला काहीही पाठ करून घेतलं नव्हतं. एवढंच सांगितलं होतं, विचारलं तेवढंच बोल, आणि जसं आहे तसं. बाहेर येऊन तिने सांगितलं ते असं. "किती दिवस?" "तीन म्हैने." "मागच्या वेळी व्यवसाय लिहिला होता?" "एजंटानं लिवला. मला वाचता आलं न्हाई. चूक झाली." "परत कशाला याल?" यावर म्हणे ती हसली. "दिवाळीला कांद्याचं रोप टाकायचंय. पोरगं बारावीला हाये. अन् गाय कोण धुईल?" मराठी बोलणाऱ्या बाईने ते साहेबाला सांगितलं. पासपोर्ट ठेवून घेतला.

खरं बोललं की व्हिसा मिळतोच, असं मी म्हणणार नाही. आमच्या गल्लीतल्या एका गुरुजींना सगळं खरं असूनही नकार आला. ते आणि काकू दोघंही निवृत्त, इकडे मागे कोणीच नाही. कॅनडाचा सुपर व्हिसा वेगळा असतो. तिथे आई-वडिलांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण मुलाची ठरावीक कमाई आणि आजारपणाचा विमा दाखवावा लागतो.

या कामात मला आनंदीबाई जोशी फार आठवतात. १८८३ मध्ये ती अठरा वर्षांची पोर कलकत्त्याहून बोटीने निघाली, तेव्हा व्हिसा नावाची भानगड नव्हती. पण बोलावणारं कुणीतरी लागलंच! गोपाळरावांचं एका मासिकात आलेलं पत्र वाचून रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी तिच्याशी नातं जोडलं. रोझेल न्यू जर्सीतच. गोपाळराव पोस्टातले, आणि आता पासपोर्टही पोस्टातच मिळतो.

एक गोष्ट मात्र मला टोचते. बाळंतपणाला आईच जाते, बाप इकडे एकटा स्टोव्हशी झगडतो. पुढच्या खेपेला आई सुनेकडे. एकजण सहा महिन्यांनी परत आली, मी विचारलं, "काय बघितलं?" ती म्हणाली, "खिडकी." लेकीला मदत करायला जाणं वेगळं आणि पाळणाघर परवडत नाही म्हणून आईला बोलावणं वेगळं. फोनवर लेकींना मी हे तोंडावर विचारते. काहींना राग येतो.

मैत्रीण गेली. जाताना डिंकाचे लाडू नेले. विमानतळावर विचारलं तर लपवू नकोस, एवढं बजावलं होतं. किती दिवस राहायचं ते तिकडे उतरल्यावर तिथला अधिकारी ठरवतो. तिला सहा महिने मिळाले. ती तीनच राहिली. दिवाळी झाल्यावर चौथ्या दिवशी वाफ्यात बसलेली दिसली. नातीचं नाव काय ठेवलं विचारलं तर म्हणाली, "काहीतरी इंग्लिशवाणी हाये. मी आपली सोनी म्हणते."

उद्या दुपारी शेजारच्या काकू येणार आहेत. त्यांच्या पासपोर्टवर आडनाव नाही.