आधी डबा बंद करा

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी काठच्या वस्त्यांत शिरली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, इकडे सीताबर्डीवर मोरभवनचं बसस्थानक, जिथे बघावं तिथे तळमजल्यात पाणी. फ्रीज, गाद्या, गाड्या यांचे पंचनामे झाले. अशा पुरात टेबलाखाली राउटरच्या शेजारी ठेवलेला एक काळा डबाही बुडतो. दोन-चार हार्ड डिस्क मावतील एवढा. त्याची बाजारातली किंमत पावतीवरून कळते. आत काय होतं, हे मालकाला तो उघडेनासा झाल्यावर कळतं.

या डब्याला नॅस म्हणतात. नेटवर्कला जोडलेली साठवणीची पेटी. तैवानच्या सिनॉलॉजी (स्थापना 2000) आणि क्यूनॅप (2004) या दोन कंपन्यांनी ती छोट्या धंदेवाल्यांपर्यंत आणली. लग्नाचे फोटोग्राफर ती घेतात, कारण हळद, संगीत, लग्न आणि रिसेप्शन मिळून एकेका कार्याचे शेकडो गीगाबाइट होतात. धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत सीटी स्कॅन आणि एमआरआयच्या फायली साठतात. इतवारीतल्या ठोक व्यापाऱ्याची टॅली आणि सीएच्या ऑफिसातली रिटर्न्स यांनाही अशीच जागा लागते. सगळ्यांना विकताना एकच गोष्ट सांगितलेली असते: एक डिस्क गेली तरी डेटा जात नाही. हे खरं आहे. घोटाळा होतो तो या वाक्यातल्या ‘एक’कडे कोणाचं लक्ष नसतं म्हणून.

चार डिस्कपैकी एक मेली तरी काही हरवत नाही, हे कसं जमतं? तिघांच्या वर्गणीची बेरीज वहीत लिहिलेली असेल, तर एकाची पावती हरवली तरी त्याने किती दिले ते वजाबाकीने निघतं. डिस्कवर हीच बेरीज सम-विषमाच्या भाषेत लिहितात. तीन डिस्कवर एकाच जागी 1, 0, 1 असे बिट असतील, तर 1 दोनदा आला, म्हणजे सम. चौथ्या डिस्कवर 0 लिहायचा. विषम असते तर 1 लिहून सम करायचं. आता दुसरी डिस्क मेली. उरलं 1, रिकामी जागा, 1, 0. एकूण सम राहायला हवं, म्हणून रिकाम्या जागी 0 होता. अब्जावधी वेळा हेच केलं की हरवलेली डिस्क पुन्हा उभी राहते. या चौथ्या बिटाला पॅरिटी म्हणतात. ही कल्पना आयबीएमच्या नॉर्मन केन ओउची यांच्या 1978 च्या पेटंटमध्ये आहे. तिला ‘रेड’ हे नाव आणि क्रमांकांची शिडी मिळाली ती 1988 मध्ये, बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांच्या निबंधातून. मोठ्या संगणकाच्या एका महागड्या डिस्कऐवजी वैयक्तिक संगणकांच्या स्वस्त डिस्कांची फौज लावावी, असा त्यांचा मुद्दा होता. फौज मोठी झाली की त्यातलं कुणी ना कुणी मरणारच, म्हणून ही बेरीज.

बेरीज एका डिस्कवर साठवली तर प्रत्येक लिखाणाला तिच्यावर ताण येतो. म्हणून रेड-5 मध्ये ती फिरवतात. पहिल्या ओळीत पॅरिटी चौथ्या डिस्कवर, दुसऱ्या ओळीत तिसऱ्यावर, मग दुसऱ्यावर, मग पहिल्यावर. माहितीचे तुकडेही असेच पसरलेले. सिनॉलॉजीत एक तुकडा बहुधा 64 किलोबाइटचा. म्हणजे दहा मेगाबाइटचा एक फोटो दीडशेहून अधिक तुकड्यांत चारही डिस्कवर विखुरलेला असतो. कुठल्याही एका डिस्कवर तो फोटो नाही. हे ध्यानात ठेवलं की पुढचा सगळा खटाटोप कळतो.

डिस्क मरतात कशाने? नागपुरात याचं उत्तर कुणीही चटकन देईल: ऊन. 23 मे 2013 रोजी इथे 47.9 अंश नोंदले गेले. 30 मे 2024 ला शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले, तेव्हा माणसांनी आधी विश्वास ठेवला आणि मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. पण डिस्कच्या बाबतीत उन्हावरचा आरोप तितकासा टिकत नाही. गूगलने 2007 मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कांची नोंद तपासली, तेव्हा तापमान आणि बिघाड यांचं नातं समजूत होती त्यापेक्षा बरंच सैल निघालं. 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नऊ डेटा सेंटरांवरचा एक अभ्यास आला. त्यात दहा लाखांहून अधिक डिस्क होत्या, आणि तापमानापेक्षा हवेतली आर्द्रता जास्त घातक दिसली. बिघाड मुख्यतः तबकड्यांत नव्हे, तर कंट्रोलरच्या आणि जोडणीच्या भागांत.

हे वाचताना नागपूरकराच्या डोळ्यांपुढे कूलर यावा. एप्रिल ते जून बाहेरची हवा खडखडीत कोरडी असते. त्यात डिस्कला सुख असतं. पण ऑफिसात आपण खिडकीत कूलर बसवतो, वाळ्याच्या ताट्या भिजवतो आणि ओली गार हवा थेट टेबलावर सोडतो. टेबलाखाली डबा असतोच. पाणी बोअरचं असेल तर क्षार ताट्यांवर पांढरे जमतात, आणि दमट धूळ पंख्याच्या पात्यांना चिकटते. वैदर्भीय माणसाला कूलर सोडा असं सांगण्यात अर्थ नाही. डबा कूलरच्या झोतातून हलवा, जमिनीवरून वर घ्या, एवढं मात्र सांगता येतं. यूपीएस लावा, हेही सांगता येतं. लाईन जाऊन येते तेव्हा माहिती लिहिलेली आणि पॅरिटी अजून लिहायची, अशा मधल्या क्षणी डबा बंद पडला तर बेरीज खोटी ठरते, आणि ते लगेच कुणाला कळतही नाही.

पहिली डिस्क मरते तेव्हा डबा गप्प बसत नाही. दिवा रंग बदलतो, बीप सुरू होतो. बहुतेक ठिकाणी कुणीतरी मेनूत जाऊन बीप बंद करतं. फायली तर उघडताहेत. लग्नसराई चालू आहे. नवी डिस्क मागवू पुढच्या आठवड्यात. इथून डबा बेरजेवर जगतो आहे. चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून, बहुधा एकाच लॉटमधल्या घेतलेल्या असतात. त्या सारख्याच तापल्या, सारख्याच फिरल्या. 2007 मध्ये बियांका श्रोडर आणि तेच गार्थ गिब्सन यांनी दाखवलं की कंपनीच्या कागदावरच्या दराने वर्षाला फार तर 0.88 टक्के डिस्क बदलाव्या लागायला हव्यात. प्रत्यक्षात 2 ते 4 टक्के सर्रास होत्या. शिवाय बिघाड एकामागोमाग एक येतात, सुटेसुटे नव्हे. ‘रेड’ मांडणाऱ्यानेच जवळजवळ वीस वर्षांनी तिच्या पायातल्या गृहीतकाला लावलेला हा चिमटा आहे.

मग नवी डिस्क बसवली जाते आणि फेरबांधणी सुरू होते. उरलेल्या तीन डिस्क पहिल्या बिटापासून शेवटच्या बिटापर्यंत वाचाव्या लागतात. 4 टेराबाइटच्या असतील तर 12 टेराबाइट. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात साडेबारा टेराबाइट वाचनामागे एखादी जागा न वाचता येण्याची मुभा छापलेली असते. प्रत्यक्षात डिस्क त्याहून बऱ्या निघतात, पण तासन्‌तास चाललेल्या या वाचनाचा ताण म्हाताऱ्या डिस्कला सोसवेलच असं नाही. दुसरी डिस्क बहुधा इथेच कोसळते. 2020 मध्ये आणखी एक गोष्ट बाहेर आली. नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ (म्हणजे लाल) मालिकेतल्या काही डिस्कांत पट्टे एकमेकांवर चढवून लिहिण्याचं तंत्र होतं, आणि ते फेरबांधणीत रडतं, हे ग्राहकांना सांगितलेलंच नव्हतं.

यानंतरचे काही तास सगळं ठरवतात. बहुतेक डेटा डिस्कच्या मरणाने जात नाही, त्यानंतरच्या मदतीने जातो. ओळखीतला संगणकवाला पोरगा डिस्क काढतो आणि विंडोजच्या मशीनला लावतो. विंडोजला लिनक्सच्या फाइल सिस्टिम वाचता येत नाहीत, म्हणून ते विचारतं: डिस्क फॉरमॅट करायची का? काही जण हो म्हणतात. दुसरा डब्याच्या मेनूत ‘नवीन व्हॉल्यूम बनवा’ दाबतो. तिसरा इंटरनेटवरून एक आज्ञा उचलतो आणि जुनी मांडणी जोडण्याऐवजी नवी बनवतो. कुणी मोठ्या हौसेने डिस्कांवरची धूळ पुसताना क्रम बदलतो. म्हणून या कामातला पहिला सल्ला इतका साधा की लोकांना पैसे देणं जिवावर येतं: डबा बंद करा, डिस्कांवर पेनने एक ते चार आकडे घाला, आणि काही दाबू नका. पुरात भिजलेली डिस्क असेल तर तिला वीज तर देऊच नका, हेअर ड्रायरही लावू नका. साध्या डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं. त्यातून गेलेलं गढूळ पाणी तबकडीवर सुकलं की गाळ घट्ट बसतो. ती ओलसर ठेवून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून जाणकाराकडे द्यायची.

जाणकार काय करतो? तोही मूळ डिस्कवर काम करत नाही. नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेत पुराव्याच्या डिस्कवर जी शिस्त पाळावी लागते, तीच इथेही: आधी हुबेहूब प्रत, मग हात. प्रत घेण्यासाठी अँटोनियो डियाझ यांचं डीडीरेस्क्यू हे फुकट मिळणारं साधन जगभर वापरतात. ते हट्ट करत नाही. वाचता येईल तेवढं आधी उचलतं, अडलेल्या जागा नकाशात टिपून ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे वळतं. डिस्क टकटक आवाज करत असेल तर बहुधा तिचं वाचणारं हेड गेलेलं असतं. मग तशाच मॉडेलची दाता डिस्क शोधा, धूळमुक्त बाकावर ती उघडा, हेड बदला. असा बाक जवळ नसेल तर डिस्क मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावी, हेच प्रामाणिक उत्तर. खालची हिरवी पाटी बदलून डिस्क चालू करण्याचे दिवस गेले. त्या विशिष्ट डिस्कची जुळवणी पाटीवरच्या चिपमध्ये असते, ती चिप उचलून नव्या पाटीवर बसवावी लागते.

चार प्रती हातात आल्या की जिगसॉ सुरू. खरं तर डब्यातल्या लिनक्सने प्रत्येक डिस्कवर नोंद ठेवलेली असते: मी कितवी, तुकडा केवढा, पॅरिटी कशी फिरते. सोबत एक घटनाक्रमांक असतो, मांडणीत काही बदललं की तो वाढतो. तीन डिस्कांचा आकडा जुळतो आणि एकीचा मागे राहिलेला असतो. ती डिस्क महिन्यांपूर्वीच गटातून बाहेर पडली होती, पण ती अजून फिरते म्हणून तिला जिवंत समजून गटात घेतलं, तर जुनं आणि नवं एकमेकांत कालवलं जातं. कुणाला वगळायचं, हा या कामातला सर्वांत महागडा निर्णय.

नोंद कुणी पुसली असेल तर अंदाजाने चालावं लागतं. चार डिस्कांचे क्रम 24 होतात, त्याला तुकड्याच्या आकारांनी आणि पॅरिटीच्या चालींनी गुणायचं. यात साक्षीदार म्हणून फोटोच उपयोगी पडतो. 64 किलोबाइटच्या आत मावणारी वर्डची फाइल क्रम चुकला तरी उघडू शकते, आणि मालक ‘मिळालं, मिळालं’ म्हणून टाळी देतो. मोठा जेपीईजी खोटं बोलत नाही. क्रम चुकला तर वरची पट्टी स्वच्छ, मंडपाची झालर, वधूचा माथा, आणि तिथून खाली करडा पट्टा किंवा हिरवट-जांभळा घोळ. क्रम जुळला की फोटो तळापर्यंत येतो. मग एकाच फोटोवर विसंबायचं नाही. डिस्कच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे वेगवेगळे तपासायचे.

खंडणीखोरांनी कुलूपबंद केलेल्या फायलींचा मामला वेगळा. नागपूरच्या सोलार इंडस्ट्रीजवर जानेवारी 2023 मध्ये ब्लॅककॅट टोळीने हल्ला केला, तेव्हा शहराला ‘रॅन्समवेअर’ हा शब्द परिचयाचा झाला. पण घरगुती नॅसचं पीक त्याआधीच कापलं गेलं होतं. एप्रिल 2021 मध्ये क्यूलॉकर नावाच्या रॅन्समवेअरने क्यूनॅपच्या डब्यांतल्या फायली पासवर्डच्या गाठोड्यात बांधल्या. पण मुळच्या फायली त्याने नुसत्या पुसल्या होत्या, त्यामुळे क्रिस्टोफ ग्रेनिए यांच्या फोटोरेक या साधनाने अनेकांना त्या परत दिल्या. 2022 च्या डेडबोल्ट हल्ल्याच्या वेळी नेदरलँड्सच्या पोलिसांनी टोळीला पैसे पाठवून, किल्ली हाती येताच व्यवहार मागे घेतला आणि 155 किल्ल्या उकळल्या. हा मला या सगळ्या कथेतला सर्वांत आवडता प्रसंग.

फोटोरेकसारखं साधन फाइलचा आरंभ ओळखून ती उचलतं. त्यामुळे फायली मिळतात, पण नावं आणि फोल्डर मिळत नाहीत. मालकाच्या हाती येतात नुसत्या क्रमांकांच्या हजारो फायली. कॅमेऱ्याने फोटोत लिहिलेल्या तारखेवरून त्या लावता येतात, दिवसागणिक एक कार्य. पण बॅटरी संपून कॅमेऱ्याचं घड्याळ मागे गेलेलं असेल, किंवा दोन कॅमेऱ्यांची घड्याळं जुळत नसतील, तर वर्ध्याचं लग्न कामठीच्या रिसेप्शनमध्ये शिरतं. मग रिकव्हरीवाल्याचं बिल होऊन गेल्यावर फोटोग्राफर आठवडाभर बसतो आणि फेट्यांच्या रंगांवरून नवरदेव वेगळे करतो.