कार्ब्युरेटर बसविताना डिस्ट्रिब्यूटरची निवड

पेट्रोल इंजिनाची गती वाढते तसतशी ठिणगी अधिक आधी पडावी लागते. कारण इंधन जळण्यास पुरेसा अवधी मिळाला पाहिजे. अमेरिकेत विकल्या गेलेल्या टोयोटा पिकअपच्या '२२ आर-ई' इंजिनात १९८५ नंतर ही वेळ संगणक ठरवीत असे. संगणक व इंधन-फवारणी काढून कार्ब्युरेटर बसविल्यास हे काम करणारा भागच उरत नाही. ठिणगी उशिरा पडल्यास शक्ती घटते व इंजिन तापते. फार लवकर पडल्यास ठोके बसून दट्ट्यास इजा पोहोचते.

म्हणून त्याच घडणीच्या, परंतु कार्ब्युरेटरच्या '२२ आर' इंजिनाचा डिस्ट्रिब्यूटर निवडावा. त्याची कॉइल व इग्नायटरही सोबत घ्यावा. त्यातील फिरती वजने गतीप्रमाणे, तर निर्वात डबी भाराप्रमाणे ठिणगीची वेळ बदलते.

वापरलेला भाग घेताना डबीला स्वच्छ नळी लावून हवा ओढावी. आतील तबकडी सरकली पाहिजे. रोटर किंचित फिरवून सोडताच स्प्रिंगने मागे यावा. दांडा बाजूस हलता कामा नये. शेवटी तारा १-३-४-२ या क्रमाने जोडून टायमिंगच्या दिव्याने वेळ जुळवावी.